खात्रीचा रकाना

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी मला तुमचा वैताग येतो, आणि या आठवड्यात तो रोज आला. देशात युरेनियम किती आहे, कुठे आहे आणि ते काढणं परवडेल का, हे आमचं कार्यालय ठरवतं. आम्ही जमिनीत बोअर घेतो, त्यात किरणं मोजणारं यंत्र सोडतो आणि अहवालात आकडे भरतो. एक रकाना खात्रीच्या साठ्याचा, दुसरा अंदाजे साठ्याचा. खात्रीच्या रकान्यावर विसंबून खाण खोदतात आणि वरच्या गावाची शेतं जातात. पण यंत्र फसवतं, अण्णा. किरणं मुख्यतः युरेनियमपासून तयार झालेल्या दुसऱ्या द्रव्यांची असतात. युरेनियम पाण्याबरोबर केव्हाच वाहून गेलेलं असलं तरी ती द्रव्यं मागे राहतात आणि यंत्र भरभरून आकडा दाखवतं. म्हणून खडकाचे नमुने प्रयोगशाळेत तपासायचे. या वेळी निम्मे नमुनेही तपासून झाले नव्हते, म्हणून मी सगळा आकडा अंदाजाच्या रकान्यात टाकला. 'खात्रीचा रकाना भरा' असा शेरा घेऊन अहवाल तीनदा परत आला. परत पाठवणारा तुमचाच विद्यार्थी, औशाकडचा, भूकंपात ज्याचं घर पडलं तो. आता तो माझा साहेब आहे. तिसऱ्यांदा तो स्वतःच फाईल घेऊन माझ्या टेबलापाशी आला आणि हसत म्हणाला, "ताई, सरांची लेक तुम्ही, अन् रकाना मोकळा सोडता? सर असते तं खडू फेकून हाणला असता."

हे ऐकलं आणि मला तो पत्र्याचा शेड आठवला. लातुरात आपल्या क्लासच्या भिंतीला तडा गेला म्हणून तुम्ही दहावीची बॅच शेडमध्ये बसवली होती. जमीन अजून मधूनच हलते आहे, पत्रे वाजले की पोरी बाहेर पळतात, आणि तुम्ही फळ्यावर लिहिता आहात : दख्खनचे पठार हा स्थिर भूभाग असल्यामुळे येथे भूकंप होत नाहीत. मी उठून म्हणते, "अण्णा, परवाच तर झाला की!" सगळा वर्ग हसतो. तुम्ही मागे वळूनसुद्धा बघत नाही. "जमीन हालली, माय. पुस्तक हाललं का? मार्क पुस्तकाला हायेत. लिव." पहिल्या बाकावर हाच माझा साहेब बसलाय, कोपरापर्यंत पट्टी बांधलेला. त्याने ते वाक्य वळणदार अक्षरात लिहून घेतलं. चाचणीत त्याला पैकीच्या पैकी मिळाले. मी ते उत्तर लिहिलं नाही. तुम्ही माझे मार्क कापले आणि घरी आईला सांगितलंत, "पोरगी हट्टी हाय, पुढं त्रास हाय हिला." चिडायचं होतं ते त्या पुस्तकावर, अण्णा. ते तुमच्याने झालं नाही.

मी साहेबाला त्या उत्तराची आठवण करून दिली. मला वाटलं, तो ओशाळेल. तो शांतपणे म्हणाला, "ताई, त्याच उत्तरांनी मला त्या ढिगाऱ्यातून वर काढलं. मार्क नसते तं मी आज कुठं असतो? सरांना नावं ठेवू नका." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. फाईल आमच्या दोघांच्या मध्ये पडून होती. तो स्वतःच आकडा खात्रीच्या रकान्यात लिहून सही करणार, फाईल वर दिल्लीला जाणार आणि नमुने नंतर काहीही सांगोत, कोणी मागे वळून पाहणार नाही.

तेव्हा मी म्हणाले, "जायच्या आधी अण्णा दवाखान्यात मला म्हणाले होते. ते उत्तर मी शिकवायला नको होतं, म्हणाले. त्या पोराकडून तं लिहून घ्यायलाच नको होतं." त्याने चष्मा काढला. मग विचारलं, "सर माझं नाव घेऊन म्हणाले?" मी हो म्हणाले. त्याने चष्मा पुसला, खात्रीच्या मोकळ्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि खाली सही केली.

हे पत्र मी कुठेच टाकणार नाही. दवाखान्यात तुम्ही असलं काही बोलला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मीही तुम्हाला कधी विचारलं नव्हतं.