ठोक्याला वर येणारा मासा

प्रिय मदिहा,

हे पत्र तुझ्याच हाती पडेल याची खात्री नाही. तरी लिहितो आहे. महापुराला सहा वर्षं झाली. दुसऱ्या फेरीत तू येशील म्हणून मी आणि तुझी अम्मी पहिल्या नावेत बसलो, आणि दुसरी नाव तुझ्याशिवाय आली. त्या दिवसापासून अकिलानं कृष्णेचा मासा घरात शिजू दिलेला नाही. ज्या नदीनं माझी पोर खाल्ली तिचं मी खाणार नाही, असं ती म्हणते, आणि तुझ्या अम्मीपुढं सांगलीत कोण बोललंय? पण माझं गळाचं वेड तुला माहीत आहे. मी तोडगा काढला. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते, म्हणजे त्याच्या वरचा, कोयनेतला मासा कृष्णेचा नव्हे. हे तिनं मान्य केलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा, दुकान बंद ठेवून, मी एसटीनं पाटणला जातो.

गेल्या महिन्यात तिथल्या एका डोहात कणकेच्या गोळीला बोटभर लांबीचा मासा लागला. मळ्या नाही, खवल्या नाही, चिलापी तर नाहीच. अंग गाळाच्या रंगाचं, रोहूच्या पिलासारखं गुबगुबीत, पण तोंडाला मिशा नाहीत आणि पाठीवरचा पर लांबलचक. एका बाजूचा पर तेवढा नारिंगी. चाळीस वर्षं गळ टाकतोय, असला मासा पाहिला नव्हता. काठावर म्हशी धुणारे आकारामबापू वाकून बघून म्हणाले, "आवं, ह्यो आपल्या नदीतला न्हाई. पाच-सा वर्सं झाली, हितंच दिसतोय. खाली न्हाई, वर न्हाई." मी तो पाण्याच्या बाटलीत घातला आणि घरी आणला.

दुकानात शिलाई मशीनशेजारी बरणीत ठेवला. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या शिवांजलीबाई ब्लाउज टाकायला आल्या होत्या. त्यांनी चष्मा वर करून पुष्कळ वेळ पाहिलं, मोबाईलवर फोटो काढला आणि हसल्या. म्हणाल्या, चाचा, हा काचेच्या पेटीतला गोल्डफिश. कुणी नदीत सोडला की त्याची पिल्लं चार पिढ्यांत सोनेरी रंग विसरतात आणि गाळासारखी होतात. कुणाचा तरी शौक असणार. मीही हसलो.

त्या दुपारी काजं करताना माझ्या बोटात अंगुस्तान होतं. सुई टोचू नये म्हणून घालतात ते पितळी टोपण, तू नेहमी पळवायचीस ते. सहज बरणीवर वाजवलं. दोन ठोके, थोडं थांबून एक. मासा तळाशी होता. तो सरळ वर आला आणि पाण्याबाहेर तोंड काढून माझ्याकडे बघत उभा राहिला. मदिहा, हा ठोका तुझा. तुझ्या काचेच्या पेटीतल्या सोनेरी माशांना तू याच तालावर दाणा द्यायचीस. पण ते सांगलीत, वरच्या खोलीत, सहा वर्षांपूर्वी. हा तर नदीत जन्मलेला. याला कुणी शिकवलं? अकिला जेवायला हाक मारत होती, तेव्हा मी बरणीवर कापड टाकलं आणि आत गेलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटण गाठलं. भर उन्हात डोहाच्या पायरीवर बसून दगडावर तेच ठोके दिले. पाणी स्तब्ध होतं. मग आतून गाळच वर यावा तसे ते आले. पन्नास असतील, शंभर असतील. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. मी काहीच टाकलं नाही तरी हलेनात. एवढासा मासा शंभरेक किलोमीटर उलट्या धारेला, बंधारे चढून आला नसणार. आणि नुसता आणून सोडला असता तर त्याच्या नातवंडांना ठोका कळला नसता. आकारामबापूंना विचारलं. ते म्हणाले, "एक बाई येती की रोज दिस मावळताना. कणी टाकती. लय बोलत न्हाई कुनासंगं. का वो, तुमच्या वळखीची हाय?" दिवस मावळायला तासभर होता. मी साडेपाचची एसटी पकडली.

का पळालो ते सांगतो, आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. पूर ओसरल्यावर वरच्या खोलीत पहिला मी गेलो. तिथं पाणी चढलंच नव्हतं. तुझी पेटी कोरडी होती, झाकण नीट लावलेलं, आत मासे नाहीत, आणि दुधाची किटली जागेवर नव्हती. बुडणारी पोरगी मासे किटलीत भरून घेत नाही, हे मला तिथंच कळलं. पूर आला त्याच्या पुढच्याच आठवड्यात तुझा निकाह ठरला होता. तू तीनदा नको म्हणालीस आणि तिन्ही वेळा मी मशीनचा आवाज वाढवला. पोरगी पळाली म्हणण्यापेक्षा बुडाली म्हणणं मला सोपं वाटलं. मी पेटी भंगारात दिली, मशिदीत तुझ्यासाठी, मयत समोर नसताना पढतात ती, गायबाना जनाजाची नमाज पढवली आणि पहिल्या रांगेत उभा राहिलो. अकिला सहा वर्षं नदीला शिव्या देते आहे. त्या शिव्या माझ्या आहेत. हे पत्र संध्याकाळी येणाऱ्या त्या बाईला द्यायला आकारामबापूंकडे ठेवतो. तू दुसरीच कुणी असशील तर बाई, माफ कर आणि फाडून टाक. पण तू मदिहा असशील तर मला भेटू नकोस, माफही करू नकोस. फक्त तुझ्या अम्मीला सांगू का, एवढं कळव. तू हो म्हणालीस तर त्याच दिवशी तिला हेही सांगेन की मला पहिल्यापासून माहीत होतं.

तुझाच,
अब्बा