घरातली एकमेव ठणठणीत

ती. ताईस,

उठून वाकायचं त्राण नाही, तेव्हा पडल्या पडल्या केलेला नमस्कार गोड मानून घे. भावोजींचा गुडघा कसा आहे? आई तुझ्याकडे सुखरूप पोचली हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. तिची प्रकृती तोळामासा, छाती तर त्याहून नाजूक, आणि आमच्या घरात तापाने ठाण मांडलेलं. म्हणून तर तिला घाईघाईने तुझ्याकडे धाडली. (हे सगळं फोनवर बोलले असते, पण तू फोन स्पीकरवर टाकून भाजी निवडतेस आणि आई शेजारी बसून हुंकार देते. म्हणून हे पत्र, शेजारच्या काकांच्या हाती.)

तर झालं असं, की पहिला ताप आला आमच्या ह्यांना. लाकडाच्या वखारीत नोकरी म्हणजे भुसा आणि खोकला बारमाही, त्यामुळे गुन्हेगार शोधायला वेळच लागला नाही. रवानगी थेट गॅलरीत. तिथून ते खोकायचे आणि आतून मी, तोंडावर रुमाल धरा, म्हणून ओरडायचे. तरी सासूबाई पडल्या, पाठोपाठ जाऊबाई. मग मी ह्यांना आणखी फैलावर घेतलं. (माणूस गरीब, एक शब्द उलट बोलला नाही. घसा बसला होता.)

उरलो मी आणि आई. मी ठणठणीत! मग काय, माझ्या अंगात वारंच शिरलं. आईजवळ दुसऱ्या कुणी फिरकायचं नाही. तिला भरवणार मी, न्हाऊ घालणार मी, तिची पिशवी भरणार मी. त्यात आपल्या घरची ती खोड. दुसऱ्याला काही द्यायचं तर आधी आपण घोट घ्यायचा, फार गरम नाही ना, साखर बेताची आहे ना. आईनेच लावलेली. मी तर त्याच्याही पुढे गेले. थर्मामीटर बिघडलेला नाही ना, म्हणून आधी स्वतःच्या तोंडात धरून बघायचा, पदराला पुसायचा आणि मग दुसऱ्याच्या तोंडात. आईला तर रोज लावायचे, काळजीपोटी.

आईला तुझ्याकडे धाडल्यावर शेवटी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी माझ्या कामाची चौकशी केली. कपड्यांच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांच्या गळ्याला टेप लावायची, त्यात शिंकणारे काय थोडे असतात? त्या म्हणाल्या, ताप यायच्या आधीच माणूस घरभर आजार वाटत सुटतो, आणि एखाद्याला ताप सगळ्यांच्या मागून येतो. मी मान ताठ करून म्हटलं, "पण मी तर ठणठणीत आहे."

"तेच म्हणतेय मी," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मला हुडहुडी भरली. ह्यांनी गॅलरीतून येऊन माझ्या कपाळावर ओली पट्टी ठेवली, तेव्हा मला रडूच आलं गं.

बाकी सगळे आता हळूहळू उठून बसताहेत. मीच तेवढी आडवी आहे.

तुझी दमलेली,
धाकटी

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. आईला ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. तिला वेगळ्या खोलीत ठेव, खिडकी उघडी असू दे, तिने घोट घेतलेला चहा तुम्ही दोघं पिऊ नका, आणि वाट न बघता आजच डॉक्टरांकडून तिची छाती तपासून घे. मला काही झालेलं नाही, असं ती म्हणेल. मीही तेच म्हणत होते.

आणखी एक. तिला ताप आलाच, तर धाकट्या जावयाकडून आला म्हणून सांग. ह्यांना विचारलंय, त्यांची हरकत नाही. माझ्याकडून आला हे कळलं, तर मला वाईट वाटू नये म्हणून ती ताप लपवील.