दाबा, धरा, सोडा

५ मार्च, रविवार
सासऱ्यांच्या, म्हणजे अप्पांच्या, जुन्या गाडीचा क्लच बिघडला. गिअर टाकला की खर्रर्र. अप्पांचं लायसन्स महिनाअखेर संपतंय, डोळ्यांमुळे पुन्हा मिळणार नाही. त्याआधी एकदा स्वतः चालवत, लेकीला शेजारी बसवून, तळ्यापर्यंत जायचंय त्यांना. बाकी काही मागणं नाही. ही म्हणाली, मेकॅनिकला बोलव. मी म्हटलं, हायड्रॉलिक क्लच म्हणजे असतं काय? तेल आणि पाइप! येत्या रविवारी गाडी दारात उभी करतो. ती म्हणाली, दारातच उभी आहे. दुर्लक्ष केलं.
अप्पा मॅटबद्दल काहीतरी पुटपुटत होते. वाढदिवसाला मी दिलेली गाडीची जाड रबरी मॅट. आवडलेली दिसते.

७ मार्च
व्हिडिओ पाहिले. निदान पक्कं: पाइपात हवा शिरलीय. हवा काढायला दोन माणसं लागतात. एक गाडीखाली, डोकं असलेला. दुसरा सीटवर, पाय असलेला. हिला रविवारीही ऑफिस. उरले अप्पा.

१२ मार्च, रविवार
अप्पा टोपी, गॉगल, घड्याळ घालून हजर. जसे काही निघालेच. मी खालून ओरडायचं: दाबा, धरा, सोडा. तेल आलं. बाटलीत कमी, माझ्या कानात जास्त. थोडं बॉनेटवर सांडलं. अप्पा म्हणाले, लगेच पुसा, त्यानं रंग जातो. म्हटलं, तुम्ही पायाकडे लक्ष द्या.

१३ मार्च
बॉनेटचा ताटाएवढा रंग गेला. तसाही जुनाच होता.

१५ मार्च
अजून खर्रर्र. म्हणजे अप्पा नीट दाबत नाहीत. तोंडावर सांगितलं. म्हणे, पेडल पुरतं खाली जात नाही, काहीतरी आड येतंय. स्वतःचा जोर कमी पडला की माणूस यंत्राला नावं ठेवतो. उद्यापासून रोज सकाळी सराव.

१८ मार्च
अप्पा डावा गुडघा चोळत बसतात. हिने जाब विचारला. मी म्हटलं, फिजिओथेरपीला लोक रांगा लावतात, इथे घरबसल्या होतेय. हिने अबोला धरलाय. कामात एकाग्रता वाढली.

१९ मार्च, रविवार
क्लचचा वरचा सिलेंडर बदलला, खालचाही बदलला. एक स्क्रू उरला. कंपनीवाले उगाच जास्तीचे घालतात.
दाबा, धरा, सोडा. मधेच गाडीखालून डोकं बाहेर काढलं तर अप्पा स्टीअरिंग हळूहळू फिरवतायत. गाडी जागच्या जागी. विचारलं, काय चाललंय? म्हणाले, तळ्याचं वळण आलं. हे असं! लक्षच नाही, मग हवा जाणार कशी? आणखी तासभर दाबायला लावलं.

२५ मार्च
अप्पांना उभं राहवेना. गुडघा सुजून टम्म. डॉक्टरांनी विचारलं, या वयात यांना एवढे जिने कुणी चढायला लावले? ही माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरचा हाडांचा तक्ता बघत होतो. खूप माहितीपूर्ण आहे. पाय महिनाभर हलवायचा नाही.

२८ मार्च
ही सांडलेलं तेल पुसायला गाडीत शिरली आणि मॅट ओढून काढली. पेडलखाली तिची घडी होऊन बसली होती. आता पेडल थेट तळाला, गिअर लोण्यासारखा. हिने गाडी फाटकापर्यंत नेली, परत आणली आणि स्टीअरिंगवर डोकं टेकून रडली. मी म्हटलं, बघ, मी म्हणत नव्हतो, क्लचचाच प्रॉब्लेम आहे? अप्पा खिडकीतून बघत होते. ओरडून सांगितलं, झाली हो गाडी! त्यांनी पडदा ओढून घेतला.
मला वाईट वाटलं. एवढी मेहनत, आणि कौतुकाचा एक शब्द नाही.

३१ मार्च
लायसन्स संपलं. अप्पांना म्हटलं, चला, शेजारी बसा, मी नेतो तळ्यावर. म्हणाले, नको जावईबापू, त्या रविवारी मी जाऊन आलो. गुडघ्यापाठोपाठ डोकंही गेलं की काय!
एकटाच चक्कर मारून आलो. ब्रेक जरा मऊ लागतोय. त्यातही हवा असणार. म्हणजे पुन्हा दोन माणसं लागणार. पण ब्रेकला उजवा पाय लागतो.
अप्पांचा उजवा अजून ठणठणीत आहे.