गळती अद्याप सिद्ध नाही

३ मार्च
ऑफिसात 'चिकित्सक विचार' या विषयावर कार्यशाळा झाली. आजपासून पुराव्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी खालच्या काकांना भेटून या, आपल्या बाथरूमचं पाणी त्यांच्या छतात मुरतंय म्हणे. 'म्हणे' हा पुरावा नव्हे, हे तिला समजावलं. ती कणीक मळत राहिली.

४ मार्च, संध्याकाळ
काकांकडे गेलो. पलंगाच्या बरोब्बर वर ओला डाग. काका म्हणाले, वर तुमचंच बाथरूम आहे. मी म्हणालो, त्याच्याही वर आकाश आहे. माणूस चांगला. आमच्या मुलीला सायकल यांनीच शिकवली. पण विज्ञानात ओळखपाळख चालत नाही.

७ मार्च
प्रयोग म्हणून घरातल्या आंघोळी बंद होत्या. बायको आणि मुलगी मेव्हणीकडे जाऊन आंघोळ करून यायच्या. मी तसाच ऑफिसला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी जागा बदलली. कारणं अनेक असू शकतात.
डाग वाळला. काका खूश. त्यांना म्हटलं, हवाही कोरडी होती, एवढ्यावरून निष्कर्ष काढणं उतावीळपणाचं.

९ मार्च
मुलगी म्हणाली, बाबा, पाण्यात रंग घालून बघू. पोरगी माझ्यावर गेलीय. बाथरूममध्ये बादलीभर लाल पाणी ओतलं. निकाल काहीही लागो, मान्य करीन, असं सगळ्यांसमोर जाहीर केलं.

१० मार्च
डाग लाल. काकांनी नुसतं वर बोट दाखवलं.
ओल भिंतीतून वर चढते, असं कुठंसं वाचलंय. रंगही चढत असेल. बायको म्हणते प्लंबर बोलवा. गळती सापडण्यात ज्याचा फायदा, त्याचं मत कसं धरायचं?

११ मार्च
फोनवर मेसेज आला: सतत शंका घेणाऱ्यांचा मेंदू तल्लख असतो. वाचताक्षणी पटलं. सगळ्यांना फॉरवर्ड केला. काकांनाही.

१४ मार्च
दुपारी काकांच्या छताचं प्लास्टर पलंगावर कोसळलं. काकू तिथंच पडल्या होत्या. दारावरची बेल वाजली म्हणून उठल्या, म्हणून वाचल्या. दोघं आता आमच्या बेडरूममध्ये. मी हॉलमध्ये. काका एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर मुद्देसूद उत्तर तयार होतं.
मुलीनं विचारलं, बाबा, काय दाखवलं असतं तर तुम्हाला पटलं असतं?
बराच वेळ विचार केला. काही सुचलं नाही. तोवर ती काकूंच्या केसांतली सिमेंटचा चुरा काढायला आत गेली होती.