वेटरहुकच्या पुलापलीकडे सिपकेकडे जाऊ देण्याबाबत

प्रति,
माननीय पूल-चालन अधिकारी,
मंदगती जलप्रवास विभाग,
जलमार्ग कार्यालय, वेटरहुक.

विषय: वेटरहुकचा उघडता पूल 'दोन भाऊ' या शिडाच्या नावेसाठी एकदाच, परंतु तातडीने, उघडण्याबाबत.

संदर्भ: आपले पत्र, 'आपली नाव हालत नसल्याबाबत'.

महोदय,

मी हिस्के ब्रांड्समा आणि माझे पती डौवे आपल्या खिडकीतून खाली डोकावल्यास दिसतो. निळी नाव, दोरीवर वाळत घातलेले कपडे, ते आम्हीच. हे सारे दोन जिने चढून तोंडी सांगितले असते. पण आपल्या दारावर 'भेट अर्जानंतरच' अशी पाटी असल्याने लेखी कळवत आहे.

१. डौवेंचा धाकटा भाऊ सिपके आल्डमार गावी अंथरुणाला खिळला आहे. डॉक्टरांनी हात टेकले आहेत. दोघे भाऊ याच नावेत जन्मले. सिपके झाला तेव्हा सासऱ्यांनी नावेचे जुने नाव खरवडून 'दोन भाऊ' असे रंगवले. सिपकेचा निरोप आला, "दादा, बसनं येऊ नकोस. नाव घेऊन ये. मला एकदा आपल्या फळीवर झोपायचंय." आल्डमार इथून शिडाने दिवसभराच्या वाटेवर आहे. आम्ही त्याच्यासाठी लवंग घातलेले कोवळे चीज घेतले, कारण जुने त्याला चाववत नाही, आणि निघालो. मधे फक्त आपला पूल होता. अजूनही आहे.

२. पूर्वी या पुलावर ईबे नावाचा माणूस असे. लांबून शीड दिसले की तो पूल उघडायचा आणि गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट खाली सोडायचा. त्यात आम्ही पुलाच्या पट्टीची नाणी टाकायची. "हिस्के, कॉफी संपलीय गं!" असे वरून ओरडला की कॉफीची पुडीसुद्धा. तो बूट हल्ली आपल्या कार्यालयात काचेच्या पेटीत ठेवला आहे आणि ईबेच्या जागी कॅमेरा बसवला आहे. नाव ठरावीक वेगाने आली तर कॅमेरा तिला 'येणारी' म्हणतो, नाहीतर 'थांबलेली'. थांबलेल्या नावेसाठी पूल उघडत नाही. मंदगती प्रवासाच्या विभागानेच वेगाची अट घालावी, या दूरदृष्टीबद्दल आपले अभिनंदन करावे तेवढे थोडे.

३. वारा मिळता तर वेग आला असता. परंतु वारा जिकडून येतो नेमकी तिकडे आपल्या विभागाची नवी इमारत उभी आहे. तिच्या भिंतीवर चार मजली चित्र आहे, 'हळू चला, जग जपा.' चित्रातली नाव आमचीच. डौवेही आहेत, पोट आत घेऊन, आणि शेजारी मी, हसत. चित्रातल्या शिडात वारा मात्र भरपूर आहे. येणारे-जाणारे आधी वर बघतात, मग खाली, आणि फोटो काढतात. एका बाईंनी तर सांगितले, "आजी, जरा हसा की, वर हसलात तसं!" इंजिनाचे म्हणाल तर, 'बिनधुराची नाव' हा बिल्ला देण्यासाठी आपणच ते काढायला लावले. बिल्ला देखणा आहे. डोलकाठीवर ठोकला आहे. त्याने नाव चालत नाही.

४. आम्ही हातावर हात ठेवून बसलो, असे कृपया समजू नये. डौवेंनी या वयात खांद्याला दोर लावून काठाकाठाने नाव ओढली. कॅमेऱ्याने त्यांची 'एक पादचारी' अशी नोंद केली. डोलकाठी आडवी करून पाहिली; पण पूल इतका बुटका की त्याखालून बदकेसुद्धा मान घालून जातात. शेजारच्या हिल्ब्रांडने मोटारबोटीने ओढून न्यायची तयारी दाखवली, तर धुराच्या बोटीची मदत घेतल्यास परवाना जप्त होईल असे आपले पत्र आले. मग मी नियंत्रण कक्षात फोन केला. तेथील मार्लूसबाई म्हणाल्या, "आजी, पडद्यावर तुम्ही थांबलेल्या दिसताय." म्हटले, "अगं बाई, पूल बंद आहे म्हणून थांबलोय!" तर म्हणतात, "थांबलात म्हणूनच बंद आहे ना! तुम्ही निघा, की उघडतो." आता पुलाला नाक लागलेली नाव निघणार कुठे, हे त्यांच्या पडद्यावर दिसत नसावे.

५. यावर आपण सुचवलेत की नाव क्रेनने उचलून ट्रकने आल्डमारला न्यावी. ट्रकवाला आला. त्याने पुलावरचा फलक वाचला, डोके खाजवले आणि म्हणाला, "काकू, एवढं वजन ह्या पुलाला झेपायचं नाही." म्हणजे आपला पूल वर होऊन वाट देत नाही आणि खाली राहून ओझेही पेलत नाही. तो करतो तरी काय, हे कळल्यास उपकार होतील.

६. अखेर मार्लूसबाईंनाच आमची दया आली. नियम चाळून त्या हळूच म्हणाल्या, "आजी, अंत्ययात्रेच्या नावेला वेगाची अट नाही हं. शव असेल तर पूल लगेच उघडतो, निशाणही अर्ध्यावर उतरतं. तुमच्यात कोणी... म्हणजे, मी आपलं सांगितलं." डौवेंनी हे ऐकले, टोपी छातीवर ठेवली आणि फळीवर आडवे झाले. "हिस्के, मी जरा मरतो. आल्डमार आलं की हाक मार." मी तसे रीतसर कळवले. आपल्याकडून मृत्यूचा दाखला मागवण्यात आला. डौवे उठून बसले आणि त्यांनी कॉफी मागितली.

महोदय, एवढे वाचून आपल्याला हसू आले असेल तर येऊ द्या. आम्हीही त्या दिवशी हसलो. पण काल सिपकेच्या मुलीचा, आंकेचा, फोन आला. त्याने आपली खाट कालव्याकडच्या खिडकीशी सरकवून घेतली आहे. तिकडची जमीन सपाट, डोलकाठी फार लांबून दिसते. तो सारखा विचारतो, "आली का गं काठी?" पोरीने एकदा न राहवून सांगितले, "दिसतेय बाबा, लांब आहे अजून." आता तिला हे खोटे रोज सांगावे लागते. डौवे मला चुकवून काठावर जातात आणि तो दोर खांद्याला लावून नुसते उभे राहतात. मला ते पाहवत नाही.

सिपकेची जागा आईवडिलांशेजारी, वेटरहुकच्या दफनभूमीत राखलेली आहे. म्हणजे तो अंत्ययात्रेच्या नावेतून या पुलाखालून येणारच. तेव्हा आपला पूल ताबडतोब उघडेल आणि निशाणही उतरेल. त्याची येण्याची वाट नियमाने मंजूर आहे. आमची त्याच्याकडे जाण्याची तेवढी आपण मंजूर करावी, एवढेच मागणे आहे.

आपल्याच भिंतीवरची,
हिस्के ब्रांड्समा
'दोन भाऊ', वेटरहुक पुलाच्या अलीकडे
दिनांक ९ ऑक्टोबर

सोबत: कोवळ्या चीजचा एक तुकडा. आता जुने झाले आहे. सिपकेला चाववणार नाही, आपण खावे.