बे-स्तेमूर

मंगळवार, ४ मार्च

सोल्फ्रिदनं पेपरात छापायला मजकूर पाठवलाय. एस्किल शनिवारी एक वर्षाचा! खाली — आई, बाबा, फारमूर आणि मूरमूर यांच्याकडून.

पेपराच्या कचेरीत तपासायला माझ्याच टेबलावर आला. फारमूर म्हणजे बापाची आई, ती जावयाची आई, ते ठीक. पण मूरमूर? आईची आई? सोल्फ्रिदची आई ती आठ वर्षांची असतानाच गेली. मी तिच्या बापाची, तूर्लाइवची, दुसरी बायको. पोरीला वाढवलं मी, पण गेली सव्वीस वर्षं तिच्या तोंडी मी नुसती नावानं, 'गुडवाइग'. घाईत लिहिलं असणार. आयत्या बिळावर नागोबा कशाला व्हा! खोडून 'बेस्तेमूर' केलं. नुसती आजी. कुणाच्या डोळ्यांत खुपायला नको.

गुरुवार, ६ मार्च

मेले! ओळीत जागा पुरली नाही आणि मशीननं शब्द तोडला. 'बेस्ते'नंतर तोडायचा, तो तोडला 'बे'नंतर. पुढची ओळ ठसठशीत सुरू होते — 'स्तेमूर'. सावत्र आई! एकतीस वर्षं लोकांचे तुटके शब्द सांधतेय, आणि नेमका हाच सुटला. छापायला जाण्याआधी ते पान पुन्हा बघितलंच नाही मी. बघायची लाज वाटत होती, दुसरं काय.

मासळीच्या दुकानात बेर्गल्योत म्हणाली, "काय गं, आता पेपरातच जाहीर केलंस होय?" सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन रडले.

शुक्रवार, ७ मार्च

सोल्फ्रिद फोन उचलत नाही. शेवटी जावयानं, युस्टाइननं उचलला. ती फार दुखावलीय, म्हणाला, जरा दम धर. उद्या वाढदिवसाला येऊ की नको, हे विचारायचा धीर झाला नाही. तिला वाटत असेल मी मुद्दाम केलं, टोमणा म्हणून. तूर्लाइव गेल्यापासून ही दोघंच तर आहेत मला — ती आणि तिचं बाळ. एका आडव्या रेघेपायी तीही जाणार.

शनिवार, ८ मार्च

गेले नाही. चार वाजता सोल्फ्रिदच आली. कोटसुद्धा काढला नाही. मी सांगायला लागले, मशीननं तोडलं गं, मी नाही —

"तोडलं त्याचं काही नाही. मूरमूर कुणी खोडलं?"

मी, म्हटलं. चूक वाटली मला.

"चूक नव्हती," ती म्हणाली. "आईच्या थडग्यापाशी जाऊन तिला विचारून लिहिलं होतं मी."