अशक्त हमाम आणि ठणठणीत नवारा

आदरणीय नफूसा मावशींच्या चरणी शादियाचा सलाम.

तुमचे गुडघे कसे आहेत? कबुतरांना पिल्लं झाली का? भाजायच्या आधी उन्हात ठेवलेलं भाकरीचं पीठ यंदा नीट फुगतं की नाही? इकडे तालुक्याला मी बरी आहे, म्हणजे जेवते, झोपते आणि दिवसातला बराच वेळ कुणाला तोंड दाखवत नाही. तुमच्या कानावर सगळं आलंच असेल. गावात माझ्याबद्दल काय बोललं जातंय ते कळवायची तसदी घेऊ नका. मला अंदाज आहे, आणि तो खरा निघाला तर आणखी वाईट वाटेल.

तरी माझ्या तोंडून ऐकावं म्हणून लिहिते. आमचे साहेब डॉ. लमलूम यांनी मला आपल्याच गावात पाठवलं ते मी गावची लेक म्हणून. बायका परक्यांशी बोलत नाहीत, तुझ्याशी बोलतील, असं ते म्हणाले. (बोलल्या. इतक्या बोलल्या की माझं लेखणीचं बोट सुजलं.) काम सोपं होतं. आधी घरोघरी जाऊन आईला विचारायचं, मूल कसं आहे, खातं का, खेळतं का. आई ज्याला अशक्त म्हणेल त्याचंच पुढे वजन करायचं आणि त्यालाच शेंगदाण्याच्या पौष्टिक लगद्याची पाकिटं द्यायची. सगळ्याच पोरांना तराजूत घालायला ना माणसं होती ना वेळ.

मी विचारत गेले. एकूण एक मुलगा मरणाच्या दारात. कुणी खात नाही, कुणी पचवत नाही, कुणाची नुसती हाडं उरलीत. हमामच्या आईने तर असा सुस्कारा सोडला की मीच डोळे पुसले. "काय सांगू बाई, चिमणीएवढं खातो. हा काय जगायचा." मग मी त्याच्या थोरल्या बहिणीबद्दल, नवाराबद्दल विचारलं. "ती? तिला काय धाड भरलीय. गाढवासारखी ठणठणीत आहे." मी लिहिलं: हमाम, फार अशक्त. नवारा, उत्तम.

मावशी, माझा भाऊ हिलाल शाळेत जाईपर्यंत मुलीच्या झग्यात हिंडला. आई त्याला चारचौघांत 'मेलं मढं' म्हणायची आणि घरात आल्यावर त्याला तुपात बुडवलेली भाकरी चारायची. नजर लागू नये म्हणून आपल्याकडे मुलाला आजारी म्हणतात, हे मला कुणी शिकवायला हवं होतं? मी त्याच घरात वाढले. पण कैरोत चार वर्षं राहिले, हातात छापील प्रश्न आले, आणि मी आपल्या बायकांचं म्हणणं एखाद्या परदेशी पाहुणीसारखं जसंच्या तसं उतरवून घेतलं. वर त्याचा अहवालही लिहिला, की या भागात मुलग्यांची फार आबाळ होते आणि मुली सुखात आहेत. डॉ. लमलूमांनी तो सभेत वाचला. लोक चकित झाले म्हणे. व्हायलाच हवे होते.

मग वजनाचा दिवस आला. गावप्रमुखांच्या ओसरीत तुळईला काटा टांगला होता, खाली पाय घालायच्या भोकांची कापडी झोळी. साहेब आले होते, त्यांच्याबरोबर मदतीचे पैसे देणारे पाहुणे आले होते आणि सगळ्यांनी समाचाराला आल्यासारखे चेहरे केले होते. मी पहिलं नाव पुकारलं ते हमामचं, कारण तो सर्वांत अत्यवस्थ. नवाराच्या कडेवर बसून तो आला, आणि ओसरीत जरा अंधारल्यासारखं झालं. त्याच्या मांड्या झोळीच्या भोकांतून जाईनात. दोघींनी वरून दाबलं, मी खालून पाय ओढले, तेव्हा कुठे गेला. काट्याने कुरकुर केली. पाहुण्यांनी आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. त्यानंतर तो बाहेर निघेना. शेवटी कात्री मागवून झोळी कापावी लागली. एवढं होईस्तोवर हमामने एका पाहुण्याच्या खिशातलं बिस्कीट संपवलं होतं.

इथवर हसण्यासारखं आहे, मावशी. हसून घ्या.

साहेबांनी मला विचारलं, "हा अशक्त?" खरं उत्तर एका वाक्याचं होतं: सर, चूक माझी, आमच्याकडची रीत मला ठाऊक होती. त्याऐवजी मी शहरी बोलीत म्हणाले, "काय करणार सर, अडाणी बायका आहेत, काहीही खोटं सांगतात." मला वाटलं शहरी बोलीत म्हटलं की बायकांपर्यंत पोचणार नाही.

हमामच्या आईने पोराला उचललं आणि शांतपणे म्हणाली, "तू शहरची झालीस, आनंद आहे. पण आम्ही बहिऱ्या कधी झालो गं? तुझी आई हिलालला मढं म्हणायची, तिला नाही कुणी खोटारडी म्हटलं." बाकीच्यांनीही आपापली पोरं उचलली. ओसरी रिकामी झाली.

त्या जाताना मी नवाराला पाहिलं. भाऊ कडेवरून उतरला होता तरी ती तशीच एका बाजूला कललेली उभी होती. चार वर्षांची आहे, दिसते अडीचची. केस विरळ आणि टोकांना तांबूस, नखं पांढरी. हे कशाचं लक्षण आहे ते मला शिकवलेलं आहे. मी तिच्यापुढे 'उत्तम' लिहिलं होतं.

साहेबांना मी खरं काय ते कळवलं. त्यांनी दुसरी फेरी मंजूर केली. ती येत्या रविवारी आहे, पण नियम तोच: आई म्हणेल ते मूल अशक्त. नवाराचं वजनच झालं नाही तर पाकिटं परत जातील, आणि मला तर कुणी दारात उभं करत नाही. क्षमा मागायला गेले होते. आतून कडी लागल्याचा आवाज ऐकून परत आले.

सर्वांना सलाम. गुडघ्यांना तेल चोळत जा.

तुमचीच,
शादिया

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण इथे लिहिते, कारण वर लिहायचा धीर झाला नाही. मावशी, राग मानू नका. तुमचे डोळे निळे आहेत, आणि तुम्ही ज्याचं कौतुक कराल ते आटतं, असं गाव मानतं. (मी मानत नाही. तुम्ही दूध बघायला आलात की आई म्हैस आत नेऊन बांधायची, ते उन्हामुळे.) तर शनिवारी हमामच्या घरी जा. हमामकडे ढुंकूनही बघू नका. नवाराला जवळ बोलवा आणि शेजारणींच्या देखत तिचं तोंडभर कौतुक करा. आई घाबरून म्हणेलच, "छे हो मावशी, कसली गोड, पोर आजारी असते, अन्नाला शिवत नाही." एवढं चारचौघींत निघालं की रविवारी ती तिला तराजूत घालेल. तिने नवारासाठी घाबरावं, एवढंच मला हवं आहे.

आणखी एक. कौतुक करताना चुकूनही 'माशाअल्ला' म्हणू नका. नजरेवरचा उतारा तुम्हीच दिलात तर सगळं फुकट जाईल.

शेवटचं. तिच्या केसांबद्दल काही बोलू नका, कुणाला पटणार नाही. डोळ्यांबद्दल बोला. त्यांच्याबद्दल तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही.